भास्करभाऊंचं एक पान

भास्करभाऊ छापील कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नसत. मग ती औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी असो की लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची लांबलचक यादी. चिखलीत बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा संगणक होता; त्यावर ते लोकांना प्रोग्रॅम लिहून देत. शाळेच्या कामासाठी मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते एका सॉफ्टवेअर कंपनीचा वापराच्या अटींचा परवाना पेन्सिलीने खुणा करत वाचत होते. पान संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी चांगलीच तापले होते. मग म्हणाले, "बसा बाई. शेत घेताना सातबारा पाह्यतो ना आपण? हाबी तसाच कागद हाय."

मी साखरखेर्ड्याला शिक्षिका होते. निकालपत्रकं लिहून आमची बोटं आखडायची. भाऊंनी दोन दिवस शिक्षकखोलीत बसून आमचे वाद ऐकले आणि निकालाचा मराठी प्रोग्रॅम लिहिला. सहामाहीला आजारी पडलेल्या मुलाचं काय करायचं, हेही त्यात होतं. बघता बघता तो पार धामणगाव बढ्यापर्यंतच्या शाळांत पोचला. प्रोग्रॅम लिहायला भाऊ ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर साधन वापरत, तिची अट सोपी होती. साधन एकदा विकत घ्यायचं, त्यात बनवलेलं कितीही जणांना द्यायचं. गावातले बाकीचे चोरीची प्रत वापरत आणि भाऊंना वेड्यात काढत. खरं सांगायचं तर मीही काढत असे.

मग कंपनीने नवी आवृत्ती काढली. भाऊंनी जुनी परत करून ती सवलतीत घेतली. परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून जन्मात एकदाच त्यांनी न वाचता 'मान्य' केलं. सगळं काम नव्या आवृत्तीत हलवून झाल्यावर अट त्यांच्या नजरेस पडली. आता प्रोग्रॅम जिथे चालेल त्या प्रत्येक संगणकासाठी वेगळा परवाना लागणार होता. आमच्या शाळांना ते झेपणारं नव्हतं, आणि जुनी आवृत्ती परत केल्यामुळे तिच्यात बनवलेलं वापरायची मुभाही संपली होती. भाऊंनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर गोड भाषेत आलं, पण नकाराचंच.

मी म्हटलं, गुपचूप चालू द्या, साखरखेर्ड्याला तपासायला कोण येतंय? भाऊ हसले.

"कोणी येनार नाही, हे मलेबी ठाऊक हाय. पन मंग मी कागद वाचतो काऊन?"

त्या वर्षी निकाल पुन्हा हाताने लिहिले. मी मनातल्या मनात भाऊंना भरपूर बोलून घेतलं. ते मात्र रोज बसने येऊन आमच्याबरोबर बेरजा तपासत बसले. पुढे एका मासिकासोबतच्या सीडीत त्यांना कुणालाही मोकळेपणी वापरता येणारी संगणकभाषा सापडली. तिचा परवाना वाचून ते गोंधळून म्हणाले, "हे लोकं म्हनून राह्यले का वापरा, पाह्यजे तसं बदलवा. मी दोनदा वाचलं बाई. कुठंच मेख नाही."

पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा लिहायला त्यांना वर्ष लागलं. नव्या प्रोग्रॅमसोबत त्यांनी स्वतःचा परवाना दिला, साध्या मराठीत, एका पानाचा. कुठल्याही शाळेने वापरावा. हवा तसा बदलावा. बदल चांगला झाला तर शेजारच्या शाळेला द्यावा. मी नसलो तरी कुणाच्या परवानगीसाठी थांबू नये.

शेवटच्या ओळीवरून मी त्यांना चिडवलं, कुठे निघालात म्हणून.

"कंपनी एक दिवस उठून अट बदलवते. मानूसबी असाच उठून जाते, बाई. शाळेचं काम अडाले नाही पाह्यजे."

भाऊ खरंच गेले. त्या माडीत आता मोबाइलचं दुकान आहे. पुढे सरकारने गुणांच्या जागी श्रेणी आणल्या आणि आमचा प्रोग्रॅम अडला. मला भाऊंची फार आठवण आली. आठवडाभरात धामणगाव बढ्याच्या एका शिक्षिकेकडून दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आला. भाऊंना तिने कधी पाहिलंही नव्हतं. सोबत ते पान होतं, एक शब्दही न बदलता. मला ते पाठ होतं. तरी मी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच प्रोग्रॅम सुरू केला.