वास घेणारे नाना

नाना गाडी साफ करायला आले की आधी नुसते गाडीत बसून राहायचे. काचा बंद, एसी बंद, डोळे मिटलेले. पाच-सात मिनिटं ढिम्म हलायचे नाहीत. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत नव्याने लागलेल्या वॉचमनला वाटलं, म्हातारा झोपलाय. त्याने काचेवर काठी वाजवली. नाना शांतपणे उतरले आणि त्यालाच म्हणाले, "मागच्या सीटखाली दूध सांडलंय. आजचं नाय, परवाचं." सीट उचलून बघितली तर खरंच पिवळा डाग. तेव्हापासून वॉचमन त्यांना लांबून नमस्कार करायचा.

नाना मूळचे कणकवलीकडचे. मरोळला एका वर्कशॉपमध्ये त्यांनी वीसेक वर्षं गाड्या आतून साफ केल्या. वर्कशॉप बंद पडल्यावर खांद्याला पिशवी लावून सोसायट्यांमधून फिरू लागले. त्या पिशवीत दाढीचे ब्रश, जुने टूथब्रश आणि बनियनचे धुतलेले तुकडे. दाढीचा ब्रश एसीच्या जाळ्यांसाठी, टूथब्रश सीटच्या शिवणींसाठी. स्वतःची दाढी मात्र चार-चार दिवस वाढलेली असायची, आणि त्यावर कोणी काही बोललेलं त्यांना खपत नसे.

एकदा मी मोठ्या कौतुकाने त्यांना सांगितलं की पंपावर पाण्याचा फवारा मारून इंजिन धुऊन आणलं. नानांनी कपाळाला हात लावला. "वाट लावलीत ना ताई," एवढंच बोलले आणि बोनेट उघडून अर्धा तास कोरड्या फडक्याने वायरी टिपत बसले. राग आला की नाना मालवणीत शिरायचे. "इंजिनाक आंघोळ घालूची नसता, आंग पुसूचा असता." ते स्वतः आधी बॅटरी आणि फ्यूजच्या डब्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायचे, मग ब्रशने धूळ उडवायचे आणि शेवटी ओलसर फडकं. तेवढ्याने इंजिन असं दिसायचं की शेजारचे लोक उगाचच बोनेट उघडून दाखवायला सांगायचे.

डॅशबोर्ड चकाकलेला त्यांना आवडत नसे. तेल फासून चमक आणली की धूळ जास्तच चिकटते, वर काचेत उजेड पडून चालवणाऱ्याला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात मोठं वैर अत्तराच्या बाटल्यांशी. आरशाला टांगलेली बाटली दिसली की ते ती काढून मालकाच्या हातात द्यायचे. "वास दाबायचा नाय, शोधायचा."

हे वाक्य आम्ही ऐकलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते. त्या वर्षी नाना गणपतीला गावी गेले ते घराचं छप्पर करून दिवाळीनंतरच आले. त्याच वर्षी बाबा रिटायर झाले होते. घरात दुपारी आईच्या मालिका लागायच्या, म्हणून बाबा पेपर घेऊन खाली जायचे आणि गाडीत एसी लावून तास-दीड तास वाचत बसायचे. मी त्यांना गाडीतलं वाचनालय म्हणून चिडवायची. मग गाडीत कुबट वास यायला लागला, मी मोगऱ्याची बाटली टांगली आणि विषय संपला असं मानलं.

बाबांना खोकला लागला. आधी गाडीतून आल्यावर, मग रात्रभर. दोन जिने चढताना दम लागायचा. औषधं बदलून झाली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाचा फोटो स्वच्छ दिसत नाही, नळी घालून तपासावं लागेल. गुरुवार ठरला. रविवारी बाबांनी मला कपाटापाशी बोलावून घराची कागदपत्रं कुठल्या फायलीत आहेत ते दाखवलं. मी हो हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मंगळवारी नाना आले. नेहमीसारखे गाडीत बसले, पण दुसऱ्याच मिनिटाला बाहेर पडले. मला म्हणाले, "ताई, ह्या गाडीत कोणाक बसवू नका." त्यांनी वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. आत उंदराचं घरटं होतं: बोनेटच्या अस्तराचा कापूस, खोबऱ्याचे कुरतडलेले तुकडे, कुंकवाने लाल झालेले तांदूळ. एसी तिथूनच हवा ओढतो. त्याचा फिल्टर काळा, ओला, बुरशीने भरलेला. हीच हवा बाबा रोज तास-दीड तास घेत होते.

खोबरं कुठून आलं ते मला लगेच कळलं. बाबा दर शनिवारी मारुतीला जाऊन आले की बाहेरून पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळ खोबऱ्याचा तुकडा आणि चार अक्षता ठेवायचे, गाडीलाही प्रसाद म्हणून. माझा चेहरा बघून नानाही समजले. तांदूळ मुठीत घेत ते हळूच म्हणाले, "साहेबांक सांगू नका. देवासाठी ठेवलेला हा." बाबांना मी पानं अडकली होती असं सांगितलं. पुढच्या शनिवारी नाना मुद्दाम बाबांच्या वाटेत उभे राहिले. गाडीला हळद-कुंकू पुरे, खोबरं मला देत जा, असं त्यांनी सुचवलं आणि बाबांनी ते आनंदाने मानलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गुरुवारची तपासणी पुढे ढकलली, ॲलर्जीचं औषध दिलं आणि गाडीत बसणं बंद केलं. नानांनी घरटं काढून नवा फिल्टर बसवला. तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला. स्वच्छ. मी आयुष्यात इतका सुंदर एक्स-रे पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना कायमचे गावी निघाले. बाबा हट्टालाच पेटले की हायवेवर बसपर्यंत आपणच सोडायचं. नानांनी बसण्याआधी चपला काढून हातात घेतल्या. मी चिडले, तर ओशाळून म्हणाले, "सवय नाय गो. साफ केलेल्या गाडीतून कधी खय गेलंय मी?" मी गाडी काढली. मागे ते दोघं शेजारी बसून आंब्यांच्या भावावर वाद घालत होते आणि बाबा एकदाही खोकले नाहीत.

बस आली, नाना चढले, बस सुटली. तेव्हा दिसलं की आईने दिलेला घावनांचा डबा सीटवरच राहिलाय. मी सीटबेल्ट सोडेपर्यंत बाबा डबा घेऊन पळत सुटले होते. मी मागून ओरडत होते, बाबा, थांबा. ते थांबले नाहीत. पुढच्या सिग्नलला बस गाठून त्यांनी खिडकीतून डबा आत दिला, नानांचा हात क्षणभर धरला आणि परत चालत आले. घाम आला होता, छाती वरखाली होत होती, खोकला नव्हता. "गरम आहेत अजून," बाबा म्हणाले, "वाटेत खातील." मला गाडी सुरू करायला जरा वेळ लागला.