आवाज उना का?

माझा मामा बोलायचा तेव्हा तोंडातून आवाज निघेलच, असं काही नव्हतं. तीस वर्षं त्यानं गुजराती मुलखात, उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली. तिथं शंभर लूम एकदम धडधडत असतात, ओरडून उपयोग शून्य. कारागीर नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. मामाला ती सवयच जडली. आमच्या घरी जेवायला बसला की भाजीसुद्धा ओठांनीच मागायचा. आई वैतागायची, "अरे, गळ्यात काय बोळा कोंबलाय का?" मामा तिच्याकडे बघून गोड हसायचा. ऐकूच आलेलं नसायचं ना! कान केव्हाच गेले होते.

पण बोटं काय होती त्याची! लहानपणी रविवारी आई मला त्याच्या कारखान्यात घेऊन जायची. उंचावरच्या झरोक्यातून ऊन आत यायचं, त्यात धाग्यांची बारीक लव तरंगत राहायची, पायाखालची फरशी मंद थरथरायची. त्या धडधडीत मला हमखास पेंग यायची, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना मामा दिसायचा. तुटलेल्या तारेची दोन टोकं शोधून, डोळे मिटून, चिमटीत गाठ मारणारा. लूमवाले धाग्याला तारच म्हणतात. कापडावर ती गाठ शोधून सापडायची नाही. मी विचारलं, न बघता कसं जमतं रे? तर म्हणाला, "तार डोयासले दिसत नही, माय. बोटेसले समजस." अमळनेरकडचा माणूस, अहिराणी काही सुटली नाही त्याची. मला कायम 'माय' म्हणायचा.

तीच बोटं बधिर झाली. आधी मान धरली, मग उजव्या हातात मुंग्या, मग अंगठा आणि पहिलं बोट मेल्यासारखं. तार निसटायला लागली. शेठ भला होता, पण तोही म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू." लूम सुटला तर हा माणूस करणार काय? दुसरं काही त्याला येतच नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही नकोही होतं.

आमच्यापुढं दोन दारं होती. घराजवळ एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, तीन महिने धीर धरा, म्हणाल्या. दुसरे तापीपलीकडे, अडाजणचे कायरोप्रॅक्टर. मान वळवली, कट् झालं, माणूस मोकळा. मामा मोबाइलवर असले व्हिडिओ तासन् तास बघायचा. आवाज नाहीच, नुसते चेहरे. कट् झाल्यावर माणसाच्या तोंडावर जो सैलपणा येतो, तो बघून हा गालातल्या गालात हसायचा. मला म्हणाला, लूम अडकला तर मिस्त्री एक ठोका देतो, की चालू! तीन महिने लूमला कसरत करवताना कुणाला पाहिलंस का? खोटं कशाला सांगू, मलाही तो ठोकाच हवा होता. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि त्याला मोपेडवर घेऊन अडाजण गाठलं.

आतली खोली गार होती. पांढरा पडदा एसीच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होता. डॉक्टर शांत गुजराती गृहस्थ. मामाची मान त्यांनी दोन्ही हातांत तोलली आणि अलगद वळवली. कट्! मामानं डोळे न उघडताच, बहिरी माणसं विचारतात तसं मोठ्यांदा विचारलं, "आवाज उना का?"

"आला, मामा, आला!" मी त्याचा हात दाबून सांगितलं.

परत येताना तापीच्या पुलावर ऊन उतरलं होतं. मागे बसून मामा म्हणाला, कापसासारखं हलकं वाटतंय. तो पूल संपूच नये असं मला वाटलं. मान आठवडाभर छान राहिली. दुसऱ्या खेपेलाही आवाज आला, तिसऱ्या खेपेलाही. बोटं मात्र होती तशीच.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी मान जराशी वळवली आणि थांबले. आवाज आलाच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, आंगळां सुन्न छे. आ मारुं काम नथी. फिजियो पासे लई जाव." शहाणा माणूस, बोटं सुन्न आहेत, हे माझं काम नाही, फिजिओकडे न्या, असं सरळ सांगून मोकळा झाला. मी वळले तर मामा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता. "आवाज उना का?"

मी म्हटलं, "आला!"

डॉक्टरांचं म्हणणं पुढच्या आठवड्यात सांगू, म्हटलं. मग दुसऱ्या आठवड्यात. मामा बिनघोर कामावर जात राहिला, आणि त्याला बिनघोर बघून मीही. दोन महिन्यांनी त्याच्या हातून चहाचा कप पडला, तेव्हा कुठं आम्ही फिजिओथेरपिस्ट बाईंची पायरी चढलो. बाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." मामानं मग इमानानं व्यायाम केला, शाळेतल्या मुलासारखा. मान अगदी बरी झाली. बोटं काही परत आली नाहीत. दिवाळीनंतर त्यानं गावी जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्याच्या खोलीवर गेले. ती आमची शेवटची भेट, पण तेव्हा ते कुठं माहीत होतं? तो ट्रंकेत कपडे भरत होता. मला राहवलं नाही. त्याच्यासमोर बसून सगळं ओकून टाकलं. मामा, चौथ्यांदा आवाज आलाच नव्हता रे. मी खोटं बोलले.

त्यानं सदऱ्याची घडी पुरी केली. "माले मालूम व्हतं," म्हणाला.

"कसं?"

"मान मन्ही शे, माय," तो हसला. "वाजनी का नही, ते माले नही समजाव का?"

"अरे, मग मला विचारलंस कशाला? आणि मी आला म्हटल्यावर गप्प का बसलास?"

त्यानं सदरा ट्रंकेत ठेवला. मग म्हणाला, "तू सुटी टाकीसन लई गयी व्हती. तुन्हं तोंड इतलंसं व्हई जातं ना!"

माझं तोंड एवढंसं होऊ नये म्हणून! मी तिथंच त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. मी त्याला जपत होते, तो मला जपत होता, आणि आमच्या या जपाजपीत त्याची बोटं गेली.