तेरा दिवसांसाठी दिलेला देव

दादा गेला त्याच्या आठव्या दिवशी मी त्याचं कपाट उघडलं. घाई माझी नव्हती. लातूरच्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या क्लाससाठी येणाऱ्या मुलींना द्यायचं त्याच्या आजारपणातच ठरलं होतं. खाटा येऊन अंगणात उभ्या होत्या. त्या गल्लीत आता प्रत्येक घराचं असंच झालं होतं. कुणाच्या बैठकीत मेस, कुणाच्या गच्चीवर पत्र्याच्या खोल्या, आणि सकाळपासून खिडक्यांतून रसायनशास्त्र पाठ केल्याचा आवाज. दादा इतिहास शिकवायचा. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या तासाला चार-पाच मुलं बसत, तीही पुढच्या तासाच्या गणिताची वही उघडून. तो तक्रार करत नसे. घरी येऊन, चहा घेऊन, रोमची नाणी काढून बसे.

पस्तीसेक नाणी असतील. बहुतेक टपालाने मागवलेली, तांब्याची, झिजलेली. प्रत्येक नाणं कागदाच्या छोट्या पाकिटात, आणि पाकिटावर त्याच्या बारीक अक्षरात माहिती. त्याने स्वतःला कधी फसवलं नाही. एका पाकिटावर लिहिलं होतं, ‘बहुधा बनावट. पण चेहरा चांगला आहे.’ मी नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. नोंदी वाचायची मला सवय आहे, आणि दादाच्या नोंदी मी सावकाश वाचत होतो, कारण त्या संपल्या की त्याचं नवीन काही ऐकायला मिळणार नव्हतं.

तळाच्या पाकिटात चांदीचं नाणं होतं, जुन्या पावलीएवढं. एका बाजूला रोमच्या पहिल्या सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला ढाली आणि भाले घेऊन उभे दोघेजण, सम्राटाचे वारस. कडेच्या अक्षरांच्या खाचांत हळद बसलेली होती. सोबत घडी घातलेला कागद होता.

त्यावर लिहिलं होतं : ‘हे माझे नाही. भूकंपानंतर वर्गातल्या मुलांना घेऊन ढिगारे उपसायला गेलो, तेव्हा एका आजीने दिले. त्यांच्या देव्हाऱ्यात हा खंडोबा-म्हाळसेचा टाक म्हणून पुजला जात होता. गावात सुतक नसलेले एकही घर उरले नव्हते, देवाला कोण हात लावणार? तुम्ही बाहेरचे, न्या, रोज पूजा करा आणि तेरा दिवसांनी आणून द्या, असे म्हणाल्या. मी हो म्हणालो.’

खाली वेगळ्या शाईत : ‘गेलो होतो. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये गेले आहेत. आजी सापडल्या नाहीत. परत येताना बरे वाटले. हे वाईट आहे.’

त्याखाली कोरी जागा.

मी कागद घेऊन खाली आलो आणि वहिनींना वाचून दाखवला. त्यांना ते ठाऊक होतं.

“सुरुवातीला दर दसऱ्याला म्हणायचे, नेऊन देतो,” त्या म्हणाल्या. “नंतर म्हणायचं सोडलं.”

“तेरावं झालं की मी नेऊन देतो.”

“भाऊजी, जरा बसा.” त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. “मागच्या वर्षी संग्रहालयाचे साहेब आले होते ना, त्यांनी सगळी पाकिटं बघितली. बाकीची नाणी आमच्याकडे ढिगानं आहेत म्हणाले. हे एकच आपल्या भागात मिळालेलं. हे दिलंत तर वेगळी काचेची पेटी करू, खाली सरांचं नाव लावू. आम्हाला मूल नाही. जन्मभर लोकांनी यांना नाणेवाला म्हणून चिडवलं. एक पाटी लागली तर कुणाचं काय जातं?”

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मीही ती पाटी मनात वाचून पाहिली होती. पण दादाने आयुष्यभर प्रत्येक नाण्याखाली खरं तेच लिहिलं, आणि याच्याखाली लिहिलं होतं, हे माझे नाही.

“वहिनी, त्या पेटीत नाणं कुठून आलं हेही लिहावं लागेल. काय लिहायचं?”

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, “जा. पण त्या घरात कुणी नसलं तर गावात कुणाच्या हातात देऊन येऊ नका. परत आणा.”

“कुणी नसलं तर परत आणीन,” मी म्हणालो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. क्रियाकर्म मीच केल्यामुळे डोक्यावर नुकतीच खुंटं फुटली होती. नाणं खिशात होतं आणि मी हात खिशातून काढत नव्हतो. वाटेत मला दादासारखंच वाटू लागलं होतं. आजी नसतील, सुना-नातवंडं पुण्याला गेली असतील. त्याला परत येताना बरं का वाटलं, ते मला बसमध्ये नीट कळलं. म्हणून फाट्यावर उतरल्यावर मी थांबलोच नाही, सरळ चालत निघालो.

नवं गाव रांगांचं आहे. एकसारखी घरं, मधे रुंद रस्ते, आणि जुन्या गावातले शेजारी एकमेकांपासून चार-चार रांगा लांब. दादाच्या कागदाच्या मागे गावाचं नाव आणि ‘वेशीपासून तिसरे घर’ एवढीच खूण होती, आणि ती वेस राहिलेली नव्हती. किराणा दुकानात एकजण पेपर वाचत बसला होता. त्याला विचारलं, भूकंपात एका आजींनी आपला देव एका मास्तरांकडे दिला होता, त्यांचं घर माहीत आहे का?

त्याने पेपर खाली केला. “देव गेलेली म्हातारी व्हय? सातवी रांग, लिंबाच्या झाडाचं घर. तुमी सरकारी का?”

“नाही. देव घेऊन आलोय.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लवकर आलासा,” तो म्हणाला.

आजी दारात तूर निवडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, बारीक, डोळ्यांना जाड चष्मा. मी कोण ते सांगायच्या आधीच त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

“कोन गेलं?”

“माझा मोठा भाऊ. मास्तर होता, लातूरला. तुम्ही त्याच्याकडे...”

“सुतक फिटलं का?”

“काल तेरावं झालं.”

“मग द्या,” त्या म्हणाल्या आणि पदर पसरला.

मी नाणं पदरात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, दोघेजण वर आणले, आणि अंगठा फिरवला. आतून सून बाहेर आली, तिला काही सांगावं लागलं नाही.

“तुमच्या सरांचे तेरा दिवस लई लांबले, भाऊ,” आजी म्हणाल्या.

मी मान खाली घातली. मग मनात ठरवलं होतं ते बोललो. लपवून दिलं असतं, तर दादाने ठेवून घेतलं त्यात आणि माझ्या देण्यात फारसा फरक उरला नसता. “आजी, एक सांगायला हवं. हा टाक नाही. नाणं आहे, फार जुनं, परदेशातलं. संग्रहालयवाले ते मागतायत. त्यांच्याशी बोलायचं असेल तर मी पत्ता देतो.”

आजी सुनेकडे बघून हसल्या. “ह्यो बी मास्तरच दिसतोय. आवं, नानं हाय ते मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या सासऱ्याला पांढरीच्या रानात नांगराखाली गावलं. सोनार म्हनला, राजाचं नानं हाय. सासरे म्हनले, आसंल, पर जोडी उभी हाय, खंडोबाला बसाया जागा झाली. देवाला बसाया कायतरी लागतंय. न्हाई तर ते बघा.”

त्यांनी आतल्या देव्हाऱ्याकडे बोट केलं. तांब्याच्या ताम्हनात बाकीचे टाक होते आणि मधे एक सुपारी. इतकी वर्षं त्या सुपारीचीच पूजा चालली होती. सून म्हणाली, “नवीन टाक करू म्हनलं तर आत्याबाई म्हनायच्या, सरानं हो म्हनलंय, येतील.”

वीस वर्षं दादाला, आणि आता मलाही, वाटत होतं, की खरं काय ते फक्त आम्हाला माहीत आहे.

“पूजा करत व्हते का रोज?” आजींनी विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. “नाही. पाकिटात ठेवलं होतं. बाहेर काढून बघायचा.”

“निसतं बघायचे?”

“भिंगातून. तासन्‌तास.”

“म्हंजे उपाशीच ठिवला.” त्या उठल्या. “ए, वांगी भाज. रोडग्याचं पीठ काढ. आज वार कंचा बी असू दे.” मी एसटीची वेळ सांगायला लागलो, तर त्यांनी हात केला. “देव जेवल्याबिगर तुमी जायचं न्हाई. उपाशी तुमच्या घरात व्हता.”

मी बसलो. वांग्यांचा वास घरभर पसरला. सुनेने सुपारी उचलून केळीच्या पानावर बाजूला ठेवली. आजींनी नाणं पाण्याने धुतलं, फडक्याने टिपलं, जोडी वर करून तांदळावर बसवलं. सम्राटाचं डोकं खाली गेलं. त्यांनी भंडारा वाहिला, दिवा लावला, आणि हात जोडायच्या आधी माझ्याकडे वळल्या.

“सरांचं नाव काय? त्या येळी इचारलंच न्हाई. इतकी वर्सं कुनाकडं व्हता, ते देवाला सांगाया पायजे.”

मी नाव सांगितलं. गेल्या चौदा दिवसांत ते मी भटजींखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

“ऐकू आलं न्हाई,” आजी म्हणाल्या. “मोठ्यानं.”

मी दादाचं नाव मोठ्याने सांगितलं.