तानाकाकूनं सोडलेलं मीठ

तानाबाई म्हणजे माह्या चुलत सासूबाई. संग्रामपूरच्या आमच्या चर्चमधे बायांचा शास्त्राभ्यास त्याच घेतात. सातवी शिकलेली बाई, पण ग्रीक वाचते! तरुणपणी मिशनच्या शाळेत दोन वर्षं होत्या, तवापासून ती जुनी वही अन् शब्दकोश काही सुटला नाही. हालस म्हणजे मीठ, एवढ्या एका शब्दावर अख्खा रविवार घालवतील. वैताग येते कधी कधी, खोटं काऊन बोलू.

अशा ह्या बाईनं अकरा वर्षांपासून आमच्या घरचं मीठ सोडलं होतं. माहे सासरे गजेंद्र, ज्यायले मी मामाजी म्हणतो, हे त्यायचे दीर. शेताच्या धुऱ्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालेलं, त्यातच एका दुपारी काकूच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकाच्या, छातीत कळ आली. काकू पळत आल्या, जीप मागितली. मामाजीनं चावी देल्ली नाही. काका रस्त्यातच गेले. माती झाली अन् काकूनं साऱ्यायच्या समोर सांगितलं, "गजेंद्रच्या घरचं मीठ माह्या तोंडात जाणार नाही." शपथ वाहू नये हे आम्हाले शिकवणारीच ती!

आता मामाजीच्या किडन्या गेल्या. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणीच खारं, इथं घरोघरी हेच. त्या सोमवारी डॉक्टर म्हणे, आजच्या आज डायलिसिसले अकोल्याले न्या, नाही तं काही सांगता येत नाही. गाडी दारात उभी. अन् मामाजी खाटेवरून हलेना!

"वैनी माह्या घरी जेवल्याबिगर मी गाडीत बसत नाही."

माहं डोकंच सणकलं. तशीच काकूच्या घरी गेली. त्या वही घेऊनच बसल्या होत्या.

"काकू, मागच्या रविवारी तुम्हीच सांगितलं. मेलेल्यातून उठल्यावर येशू शिष्यांत जमला, त्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ सोबत बसून मीठ खाणं. वेळ आल्यावर त्याले टाकून पळालेले ते! त्यायच्यासोबत मीठ खाल्लं त्यानं. मंग तुम्ही काऊन बसल्या इथं?"

"काही पंडित तसा अर्थ लावतात. सारे नाही लावत," काकू म्हणे.

"माणूस मरून राह्यला, अन् तुम्ही पंडित मोजता?"

वही मिटून त्या उठल्या.

आमच्या घरात आल्या, पाट ओढला, बसल्या. मी वरण-भात वाढला. डॉक्टरनं मना केल्यापासून आमच्या घरी साऱ्यायचंच अळणी शिजते, अन् हे काकूले ठाऊक होतं. दोन घास खाल्ले अन् म्हणे, "जेवली मी. उठा भाऊजी."

अगं बाई! शपथही राखली अन् दिराची अटही पुरी केली. माह्या अंगाचा तिळपापड झाला.

मामाजीचा श्वास घरघरत होता. "अळणी खाल्लं वैनी. मले समजत नाही का?" म्हणे, अन् भिंतीकडे तोंड फिरवलं. माह्या नवऱ्यानं त्यायचा हात धरला, तं त्यायनं झटकून टाकला. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवून राह्यला होता.

काकू ताटाकडे पाहत होत्या. मले वाटलं, उठून जाते आता ही बाई, अन् इथंच जीव सोडतात हे.

"प्रतीक्षा, मीठ आण," काकू म्हणे.

मी बरणीच आणली. त्यायनं चिमूटभर घेतलं, भातावर टाकलं. घास तोंडात घातला, पण गिळता येईना. डोळ्यातून घळाघळा पाणी. शेवटी गिळला.

मामाजी खाटेवर उठून बसले. "वैनी, माफ केलं नं मले?"

"नाही," काकू म्हणे. "त्याले वेळ लागीन. तवरोक जगा लागते तुम्हाले. चला."