चांदीसाठी बंद केलेली खिडकी

आधी आमच्या घरमालकीणबाईंचं सांगतो. कोल्हापूरजवळच्या हुपरीत अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते, मीही म्हणतो. आज माझी छाती साफ आहे, राहायला खोली आहे आणि हाताला काम आहे, ते त्यांच्यामुळं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला बोलताबोलता मधेच धास्ती वाटायला लागते आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

मी मराठवाड्यातला. नववी अर्धी टाकून गावच्या एका दादाबरोबर चांदीच्या पैंजणांचं काम करायला इकडं आलो. दादा माझ्या नात्यातला नव्हे, पण वयानं मोठा आणि काम शिकवणारा. आक्कांच्या घरामागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. तिथंच काम, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. खोलीला खिडकी होती, पण ती कधी उघडली नाही. चांदी घासताना बारीक कीस उडतो आणि तो व्यापाऱ्याला परत तोलून द्यावा लागतो. शिवाय कड्या जोडताना वाऱ्यानं ज्योत हलली की सांधा बिघडतो. म्हणून फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि पंखा बंद. आम्हाला उलट त्याचा अभिमान. "आपल्या खोलीतून चांदीचा कणसुद्धा बाहेर जात नाही," असं दादा सगळ्यांना सांगायचा.

मग दादाला खोकला लागला. आधी आम्ही धुराला दोष दिला, मग थंडीला. त्याचे शर्ट ढगळ व्हायला लागले. तो खोकला की मी श्वास धरायचो, पण धरलेला सोडणार कुठं? त्याच खोलीत!

एक दिवस आक्का ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय रं हे? खोली हाय का पेटी? केवढा वास कोंडलाय!"

"आक्का, वारं आलं की ज्योत हालती," दादा म्हणाला.

"ज्योत हालती ते दिसतंय तुला. खोकताना तू सोता किती हालतोयस, ते दिसत न्हाई व्हय?"

त्याच पावली त्या त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. थुंकी तपासली. टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळणार होत्या, सहा महिने घेतल्या की बरा होणार होता. पण आम्हाला धास्ती होती ती खोलीची. खोली गेली की कामही गेलं, आणि आजारी माणसाला दुसरी खोली कोण देणार? कुणी काही बोलायच्या आधीच दादानं पिशवी भरली.

पिशवी दारात असतानाच शेजारचे कारखानदार अंगणात आले. आक्का सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आक्का, गल्लीत पोरंबाळं हायत. घालवा ह्यास्नी."

"घालवते की. तुझ्याकडं हाय का खोली?"

"माझ्याकडं? माझी चार माणसं एका खोलीत झोपत्यात!"

"मग असल्याच कुठल्यातरी खोलीत जाणार त्यो. तितली चौघं खोकणार. त्यापरास हितंच बरा हुंदे की."

ते जरा घुटमळले. "मास्क तरी लावाय सांगा."

"सांगितलाय. तू च्या पिऊन जा."

दादानं पिशवी परत आत नेली, आणि मी तिच्यातला त्याचा टॉवेल काढून दोरीवर टाकला.

मग दवाखान्यातल्या नर्सताई खोली बघायला आल्या. पहिल्यांदा त्यांनी चिंध्या उपसल्या. म्हणाल्या, गोळ्या त्यांचं काम करतील, पण कोंडलेल्या हवेत हा आजार एकाकडून दुसऱ्याकडं जातो; वारा खेळू द्या आणि तुम्हीही तपासून घ्या. 'तुम्ही' म्हणजे मी. झालं, माझी झोप उडाली.

छातीचा फोटो काढायला कोल्हापूरला जायचं होतं. आक्का स्वतः एसटीत शेजारी बसल्या.

"आक्का, मला बी असंल तर?"

"असंल तर गोळ्या खाशील. नसंल तर मिसळ खा. मी कांद्याकडं बघत न्हाई."

आक्का जैन, कांदालसूण त्यांना चालत नाही. तरीही फोटो साफ आल्यावर त्या हॉटेलात माझ्यासमोर बसून राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट लागलं, असं मी त्यांना सांगितलं. "लई तिखट दिसतंय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं बघत बसल्या.

परत आल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि खिडकीसमोरच्या भिंतीत आणखी एक खिडकी पाडली. दादाची बाज पडवीत गेली. आम्ही तेलाचा डबा उभा कापून ज्योतीला आडोसा केला, कीस पडायला खाली परात ठेवली. सांधे बिघडले नाहीत, चांदीही उडून गेली नाही. इतकी वर्षं आम्ही उगीचच वाफेत शिजत होतो! दादा आता बरा आहे. गोळ्या संपल्या आणि त्याला पोट सुटलंय. शेजारच्या कारखानदारांनीही खिडक्या मोठ्या केल्या. 'उकाड्यामुळं' केल्या म्हणतात. आक्का नुसत्या हसतात.

आभार मानायला गेलो की आक्का कामं सांगतात, म्हणून तो नाद मी सोडला. पण त्यांच्या मनात कुंथलगिरीच्या जैन तीर्थाचं दर्शन घ्यायचं आहे, गुडघ्यांमुळं ते राहून गेलंय, आणि आमचं गाव तिथून जवळच आहे. मी त्यांना शब्द दिलाय. एक दिवस मी गाडी करून त्यांना घेऊन जाणार, पायऱ्या चढताना हात धरणार. मुक्काम आमच्याच घरी. जैन रीतीप्रमाणं त्यांना जेवण दिवस मावळायच्या आत लागतं, हे आईला आत्ताच सांगून ठेवलंय.