जेवणाआधीचा ढेकर

माझा दीर जेवणाखाणाबद्दल लिहितो. बेटावर त्याला सगळे चमचा म्हणतात, आणि यात माझा काही हात नाही. शाळेत होता तेव्हापासून तो शर्टाच्या खिशात स्वतःचा स्टीलचा चमचा घेऊन फिरतो. कुणाच्याही घरात शिरायचं, पातेल्यावरचं झाकण उचलायचं, चमचा बुडवायचा आणि "मीठ जरा कमीच" असं सांगून चालू पडायचं. नाव लोकांनी ठेवलं. मला विचारलं असतं तर मी याहून वाईट सुचवलं असतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. माझ्या नवऱ्याची धक्क्यावर खाणावळ होती. खाणावळ म्हणजे पत्र्याची शेड, पुढे बाकडी, आणि मागे एवढंसं स्वयंपाकघर, की दोन माणसं एकदम वळली तर एकाचं कोपर पातेल्यात जायचं. चमच्याला आम्ही कामाला लावून पाहिलं. कांदा चिरायला दिला, तर डोळे झोंबतात म्हणून उठला. मासे साफ करायला बसवलं, तर वास येतो. बोटीवर चहा विकायला पाठवलं, तर निम्मा स्वतः प्यायला आणि उरलेल्याचं वर्णन करत बसला. वर्णन मात्र झकास करायचा. ते बेटाच्या साप्ताहिकाच्या मालकाच्या कानावर गेलं आणि त्याने शेवटचं पान चमच्याच्या हवाली केलं. तेव्हापासून त्याच्या हाताला काम आहे आणि आमच्या डोक्याला ताप.

कुठल्या बेकरीत नवा पाव निघाला, दीपगृहाच्या वाटेवर आइस्क्रीमची गाडी कोणी लावली, टेकडीवरच्या हॉटेलात कुठला आचारी आला, पंगत कुठे आणि कधी, सगळं त्या पानावर. बेटावर येणारा पाहुणा बोटीत बसल्या बसल्या ते वाचतो आणि उतरला की थेट त्या दारात जाऊन उभा राहतो. चमच्याने दोन ओळी लिहिल्या की दुकानाबाहेर रांग, नाही लिहिल्या की माशा मारत बसा.

आता त्याची लिहायची तऱ्हा ऐका. साप्ताहिक छापतात पलीकडच्या किनाऱ्यावर. मजकूर सोमवारच्या बोटीने जातो, छापलेले गठ्ठे गुरुवारच्या बोटीने येतात, आणि अंकावर तारीख असते शुक्रवारची. बेटावरची मोठी जेवणं गुरुवारीच संध्याकाळी होतात, कारण पाहुणेही त्याच बोटीने येतात. म्हणून चमचा जेवणाची हकिगत जेवणाच्या आधीच लिहून मोकळा होतो. 'काल सर्वांनी तृप्तीचा ढेकर दिला' असं छापून हातात पडतं, तेव्हा आचारी अजून कांदाच चिरत असतो. बेटावर याचं कुणाला हसूही येत नाही. उलट पाहुणे ते पान ताटाशेजारी ठेवतात आणि त्यात लिहिलंय तसं जेवतात.

बाकी सगळ्यांबद्दल तो हातचं राखून लिहायचा. आमच्याबद्दल मात्र वर्षानुवर्षं एकच वाक्य: 'दादाच्या हातच्या माशाच्या रश्शाला तोड नाही.' दादा म्हणजे माझा नवरा. माणूस भला होता. दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, गप्पा मारायचा, आग्रह करकरून वाढायचा. रस्सा त्याने आयुष्यात एकदाच केला, मी बाळंतीण होते तेव्हा, आणि त्या दिवशी धक्क्यावरचं मांजरही ताटाला शिवलं नाही. चुलीपाशी कायम मी. टोमॅटो सालीसकट जाळावर काळेठिक्कर करायचे आणि रस्सा उतरवताना चुरडून घालायचे, ही माझ्या आईची रीत. चमचा रोज दुपारी त्याच चुलीसमोर बसून जेवायचा. रस्सा कोण करतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा मी विचारलंही. "भाऊजी, दादाच्या हातचा रस्सा तुम्ही कधी खाल्लात हो?"

"अगं वहिनी, दादाचं नाव झालं म्हणजे घराचंच नाव झालं ना?" म्हणाला, आणि ताट पुढे केलं. सासूबाईही हेच म्हणायच्या. म्हटलं, जाऊ दे, नाव घरातच राहतंय.

नवरा गेल्या वादळात गेला. छातीत कळ आली, आणि त्या समुद्रात बोट सोडायला कोणी तयार होईना. आठवडाभर बेटावर वीज नव्हती. आमच्याकडे वादळी महिन्यांत बोट येत नाही, म्हणून घरोघरी शिजवलेलं अन्न फ्रीजरमध्ये भरून ठेवतात. त्या आठवड्यात सगळ्या बेटाचं अन्न कुजलं. प्रत्येकाने बादल्या भरभरून समुद्रात ओतल्या. पक्षी एवढे माजले, की माणसांच्या वाटेतून हलेनात.

मी डोळे पुसायच्या आत टेकडीवरच्या हॉटेलवाल्याने आमच्या जागेसाठी धक्क्याच्या मुकादमाकडे खेपा सुरू केल्या. धक्क्यावर कोणी बसायचं ते मुकादम ठरवतो. तो मला म्हणाला, "ताई, लपवाछपवी करत नाही. हंगामाचं पहिलं जेवण तुम्ही करा. लोकांना आवडलं, तर जागा तुमची. नाही आवडलं, तर मला ती टेकडीवाल्याला द्यावी लागेल." ती शेड गेली असती तर मी जाणार कुठे? मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

त्या गुरुवारी बोट लागली तेव्हा मी टोमॅटो भाजत होते. लवकर उतरलेली एक पाहुणी हातात साप्ताहिक घेऊन दारात आली, माझ्याकडे बघून हळहळली आणि पान माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. 'हंगामाचं पहिलं जेवण काल धक्क्यावर पार पडलं. दादाच्या पत्नीने रस्सा मनापासून केला होता. मात्र दादाच्या हातची चव दादाबरोबरच गेली.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्सा अजून चुलीवर चढायचा होता.

चमचा बाहेर बाकड्यावर पाय हलवत बसला होता. पान त्याच्या नाकाखाली धरलं. "हे काय आहे, भाऊजी?"

"वहिनी, तू डोकं शांत ठेव. दुसरं काय लिहिणार होतो मी? इतकी वर्षं दादाचा हात, दादाचा हात लिहिलं. आता तीच चव आहे म्हटलं, तर लोक विचारतील, मग आधी कोण करत होतं? माझ्या पानावर विश्वास कोण ठेवेल?"

"आणि माझी जागा?"

"टेकडीवाला चांगला माणूस आहे गं. मी बोललोय त्याच्याशी. तुला भांड्यांवर ठेवून घेईल."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे खूप पाहिले. याने वासे मोजून गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. हातात झारा होता, तो मी डोक्यात कसा घातला नाही, माझं मलाच नवल वाटतं.

संध्याकाळी धक्क्यावर लांबच लांब टेबलं मांडली. मी वाढलं. लोकांनी पहिला घास घेतला, ताटाशेजारच्या छापील पानाकडे पाहिलं, दुसरा घास घेतला. पाहुणे एकमेकांना म्हणू लागले, "छान आहे, पण काहीतरी कमी आहे." त्यांचं सोडा, त्यांनी आधी कुठे खाल्ला होता! पण माझ्याच हातचं खाऊन केस पिकलेला म्हातारा बोटवाला, तोही मान हलवत म्हणाला, "दादाची सर नाही." चमचा मुकादमाच्या शेजारी बसून स्वतःच्या चमच्याने भुरके मारत होता आणि दर भुरक्याला सुस्कारा टाकत होता. मुकादमाने ताट बाजूला सारलं. टेकडीवाला गालात हसला.

मी आत गेले. नवऱ्याचा पोचे आलेला जुना टोप काढला, त्यात रस्सा ओतला आणि बाहेर आणला.

"मंडळी," मी म्हटलं, "वादळाच्या आधी यांनी स्वतःच्या हाताने केलेला रस्सा मी फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. आज गरम केलाय. थोडाच आहे, सगळ्यांनी घोट घोट घ्या."

वाट्या पुढे आल्या. म्हाताऱ्या बोटवाल्याने डोळे मिटले. "हीच! हीच ती चव!" पाहुण्या बायका एकमेकींचे हात धरून "आता कळलं बाई" म्हणू लागल्या. टेकडीवाल्याने वाटी पुसून खाल्ली. चमच्याचे तर डोळे पाझरायला लागले.

मुकादमाने विचारलं, "नक्की दादाच्याच हातचा?"

चमचा उठून उभा राहिला. "डोळे बांधून खायला द्या, तरी सांगेन. ही चव दुसऱ्या कुणाच्या हाताला येणं शक्य नाही. मी लिहिलं ते उगाच लिहिलं का?"

"भाऊजी," मी म्हटलं, "वादळात आपला फ्रीजर कोणी रिकामा केला?"

"मीच की. बादल्या वाहून पाठ मोडली माझी," तो म्हणाला. आणि मग त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. प्रत्येकाने आपापल्या बादल्या ओतल्या होत्या. वादळाआधीचा घासही बेटावर कुणाच्या घरात उरलेला नव्हता. मी आतलं मोठं पातेलं आणलं, टोपातला रस्सा सगळ्यांदेखत त्यात परत ओतला आणि डाव हातात घेतला. "दोन्ही यातलंच. आजचं, माझ्या हातचं. आणि याआधीचंही सगळं माझ्याच हातचं. आता कुणाला हवंय?"

आधी म्हातारा बोटवाला हसला. त्याला ठसकाच लागला. मुकादमाने सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. "वाढा ताई. जागेचं आता विचारू नका, ती तुमचीच." चमचा गर्दीतून कधी सटकला, कुणी पाहिलं नाही. टेकडीवालाही त्याच्या मागोमाग गेला.

हे इथेच संपलं असतं, तर मी एवढ्या कडूपणाने सांगितलंही नसतं. पाहुण्यांसमोर फजिती झाली, माणूस सुधारेल असं मला वाटलं. पुढच्या गुरुवारी अंक आला. 'वहिनींच्या रश्शाने सारे चकित झाले. दादांनी आपल्या हयातीत पत्नीच्या हाताला लावलेलं वळण त्यातून दिसलं. सर्वांनी तृप्तीचा ढेकर दिला.'

त्याच दुपारी तो नेहमीच्या वेळेला नेहमीच्या जागी, चुलीसमोर येऊन बसला. खिशातून चमचा काढला, शर्टाला पुसला. "वहिनी, वाढतेस ना?"

"तुम्ही जेवलात की, भाऊजी."

"मी? कधी?"

"लिहा तसं. जेवलो, पोट भरलं, ढेकर दिला. तुम्हाला खरोखरचं जेवायची कधी गरज पडली आहे?"

त्याला वाटलं मी थट्टा करते. हसला. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना वाढायला गेले. बोटीचा भोंगा होईपर्यंत तो रिकाम्या ताटासमोर बसून होता. मग चमचा खिशात टाकला आणि टेकडीची वाट धरली. मी हाक मारली नाही. त्या हॉटेलात म्हणे रश्शात टोमॅटो कच्चेच घालतात.