रेकॉर्ड रूम

आमच्या ऑफिसात दुपारी कुणीही झोपत नसे. निदान तसं म्हणायची पद्धत होती. गिरगावातली ही जुनी आयुर्वेदिक औषधांची पेढी. खाली दुकान आणि पॅकिंग, वर ऑफिस आणि ऑफिसच्या मागे एक खोली, जिला रेकॉर्ड रूम म्हणत. तिच्यात जुन्या फायलींची दोन कपाटं होती, आणि कपाटांच्या आड दोन चटया, एक उशी आणि पेडस्टल फॅन. डबे खाऊन झाले की पुरुषमंडळी पाळीपाळीने ‘जरा रेकॉर्ड बघून येतो’ म्हणून आत जायची आणि गालावर चटईचे वळ घेऊन बाहेर यायची. तेवढ्या वेळात त्यांचे फोन आम्ही बायका घ्यायचो.

या पाळ्या हेडक्लार्क लावत. कपाळावर गंध, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि जिभेला भलतीच धार. कुणी सकाळी जरा उशिरा आलं की ते नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. वामकुक्षीची सगळ्यात लांब पाळी अर्थात त्यांचीच असे.

मी अकाउंट्समध्ये होते. मुलगी झाली, रजा घेतली, आणि ती बसायला शिकते न शिकते तोच रजा संपत आली. सासूबाई सावंतवाडीकडे गावी, आई हयात नाही, नवरा परळच्या एका लॅबमध्ये शिफ्टवर. खोताच्या वाडीजवळ आमची भाड्याची खोली, ऑफिस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पण बाळाला ठेवायचं कुठे? आसपासची पाळणाघरं म्हणत, चालायला लागली की आणा. म्हणजे नोकरी सोडायची वेळ आली होती. आणि मला नोकरी आवडत होती. पगारासाठी आवडत होतीच, पण ताळेबंद जुळल्यावर जो आनंद होतो, त्यासाठीही आवडत होती. बाईने हे असं सरळ सांगितलं की लोक अजूनही जरा चपापतात.

मग कळलं की कायदाच आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की पाळणाघराची सोय मालकाने करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं. मी बाळाला कडेवर घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले.

मालक मनाने चांगले. ते म्हणाले, “अगं, कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात. आपण सगळी घरचीच माणसं.”

“घरची माणसं पन्नासच्या वर आहेत, साहेब.”

त्यांनी सीएला फोन लावला. बराच वेळ नुसतं “हो का?” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. “पाळणाघर करू, पण जागा कुठाय?” मालकांनी विचारलं. मी म्हटलं, “रेकॉर्ड रूम.”

त्या क्षणी आमच्या पुरुषांच्या मनात जुन्या फायलींविषयी जे प्रेम उफाळून आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. एक म्हणाला, तिथे ओल आहे. दुसरा म्हणाला, वाळवी आहे. डिस्पॅचवाल्याने तर आवाज खाली आणून सांगितलं की त्या खोलीत पूर्वी कुणीतरी गेलंय, लहान बाळ तिथे नको. शेवटी हेडक्लार्क उठले. “साहेब, त्या खोलीत रोज काम चालतं.”

“कसलं काम?” मी विचारलं.

हेडक्लार्क खाली बसले. पुढे बोलायचं तर झोपेचं नाव काढावं लागलं असतं, आणि आमच्या ऑफिसात तर कुणी झोपतच नव्हतं. खोली मला मिळाली.

रंग लागला, पाळणा आला, पॅकिंगमधल्या एका वयस्क मावशींना बाळाकडे बसवलं. आणि वरच्या मजल्यावर दुःखाचे दिवस सुरू झाले. माणसं हातात पेन धरून, चष्मा लावून, बसल्या जागी पेंगू लागली. सोलापूरच्या एका दुकानदाराने केसांचं तेल मागवलं होतं, त्याला मूळव्याधीचं मलम गेलं. त्याचाही राग माझ्यावरच. मी बाळाकडे जायला उठले की हेडक्लार्क घड्याळाकडे बघत.

“पुन्हा?”

“चार वेळा जायची परवानगी आहे.”

“चैन आहे,” ते म्हणत. माझ्या ओठांवर उत्तर यायचं, पण पाळणा नवा होता म्हणून गिळायचे.

खरी अडचण वेगळीच होती. खोली झोपेची, पण माझी लेक तिथे झोपेना. दुपार झाली की ती असं भोकाड पसरायची की खाली दुकानातली गिऱ्हाइकं वर बघत. एके दुपारी मात्र रडणं अचानक थांबलं.  मी हातातलं सोडून धावले.

दारातच मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. आत, कपाटाआडच्या आपल्या जुन्या जागी हेडक्लार्क चटईवर आडवे. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. ते संथ, खर्जात घोरत होते, आणि पाळण्यात माझी मुलगी गाढ झोपली होती. मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि त्यांचे फोन घेतले. त्या दिवसापासून ते पुन्हा रेकॉर्ड बघायला जाऊ लागले. या विषयावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

मग काही महिन्यांनी मालकांनी पुन्हा मीटिंग बोलावली. पॅकिंगच्या बायका विरार, डोंबिवलीहून येत, त्यांची पोरं तिकडेच शेजारीपाजारी. पाळण्यात मूल एकच, माझं, अजून रांगणारं. “एका पोरासाठी अख्खी खोली अडते,” मालक म्हणाले. “दादरला एक पाळणाघर आहे, त्यांच्याशी बोलून ठेवू. म्हणजे कायदाही पाळल्यासारखा होईल.”

गिरगावातून दादरला, दिवसातून चार वेळा. याचा अर्थ मला समजला. राजीनामा मीच द्यायचा होता, फक्त त्यांनी मागितला नव्हता. एरवी मी बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण तेव्हा मी मान खाली घालून बसले. आता या सगळ्यांसमोर रडू येणार, याचाच मला भयंकर संताप आला.

तेवढ्यात हेडक्लार्क उठले.

“साहेब, त्या खोलीत आम्ही झोपायचो.”

डिस्पॅचवाल्याने डोळे मिटून घेतले.

“मी नोकरीला लागल्यापासून,” ते पुढे म्हणाले. “रोज. तिथली एक फाइल आम्ही कधी उघडली नाही. तेव्हा खोली अडते, असं कुणी म्हटलं नाही. आता एक पोर झोपतंय, तर लगेच माणशी हिशेब?”

 मालकांच्या केबिनमध्ये एक लांब सोफा होता, तो पाहुण्यांसाठी आहे असं सांगितलं जाई.

“आणि आता कुठे झोपता?” मालकांनी विचारलं.

“तिथेच. मी नसलो की ती झोपत नाही.”

मालकांनी समोरचे कागद गोळा केले आणि दादरचा विषय नंतर बघू म्हणाले. तो नंतर कुणीच काढला नाही.

मी टेबलाशी येऊन बसले. आकडे धूसर दिसत होते. हेडक्लार्कचे आभार मानायचे होते, पण कसे मानावेत ते कळेना. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“तुमची चौथी वेळ राहिलीय,” ते म्हणाले. “जाऊन या.”